भाऊजी, झरोके उघडलेत

भाऊजी, इकडं या. अहो जवळ या, तिथं उंबऱ्यापाशी काय पाव्हण्यासारखे उभे राहता? बसा या पाटावर, मला आधी तुम्हाला चांगलं बोलून घेऊ द्या. ताटावरनं उठून जायची तुमची खोड मी तीस वर्षं सहन केली. "आलोच वैनी, पिंपळगावला कांद्याच्या चाळीचं काम अर्धं टाकून आलोय," म्हणायचं, गाडीला किक मारायची आणि सुटायचं. पण ह्या वेळी हद्द केलीत. ना निरोप, ना काही. मोठ्या भावजयीला न विचारता एवढ्या लांब जातात का हो कोणी? तेरावा होऊन आठवडा झाला, तरी फाटकाशी कुणाची गाडी फटफटली की माझा हात अजून बाजरीच्या पिठाच्या डब्याकडं जातो.

दहा-पंधरा दिवस माणसांची रीघ होती तुमच्या दारात. चाळीवाले मिस्त्री गेले, चाळीवाले मिस्त्री गेले. निफाडपासनं दिंडोरीपर्यंतचे लोक. एक म्हणाला, मिस्त्रींच्या चाळीतला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत ताठ राहायचा. दुसरा म्हणाला, आमच्या चाळीचा खांब चार बोटं सरकला तर मिस्त्रींनी अख्खी चाळ उकलून पुन्हा बांधली. मी पदराआड गप्प ऐकत होते. माझी टकळी कधी बंद पडत नाही हे तुम्हीच सांगत फिरायचात ना? त्या दिवसांत पडली होती. कारण मला जे सांगायचं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही बांधून दिलेल्या घराशी मी लबाडी केली, भाऊजी, आणि ती आठ-नऊ वर्षं तुमच्यापासून लपवून ठेवली. आज सांगते. सगळं सांगते. मध्ये उठायचं नाही.

हे नोकरीतनं सुटायच्या बेतात होते, तेव्हा आपण नाशकात आडगावच्या अंगाला तो प्लॉट घेतला. शेजारी तीन बंगले उठलेले, तिन्ही स्लॅबचे. पुढं सज्जा, वर गच्ची. मलाही तस्साच हवा होता. तुम्ही आलात, बुटांनी माती उकरून पाहिलीत आणि खिशातनं उदबत्तीचा पुडा काढलात. मला वाटलं, आता भूमिपूजन उरकताहेत वाटतं. तर तुम्ही एक काडी पेटवून जमिनीत खोचलीत आणि धुराकडं बघत उकिडवे बसलात. सकाळी बसलात, दुपारी बसलात, संध्याकाळी पुन्हा.

"वैनी, वारं मावळतीकडनं येतंय."

"येऊ दे की मग. त्याला काय चहा करू?"

"करा. त्याच्याच जिवावर घर बांधायचंय."

मग तुम्ही ह्यांना धरलंत. "दादा, कांदा कशानं सडतो?"

"भिजला की," हे म्हणाले.

"नाय. कोंडला की. ओला कांदासुद्धा वाऱ्यावर सुकतो. खालनं हवा आत आली पायजे, तापली की वरनं निघून गेली पायजे. म्हणून चाळीचा तळ मी जमिनीपासनं उचलून घेतो अन् आढ्याला फट ठेवतो. कांदा बोलत नाय, नुसता सडून दाखवतो. माणूस मात्र पंखा लावतो अन् म्हणतो, बरं चाललंय."

"म्हणजे आम्हाला चाळीत भरणार तुम्ही?" मी विचारलं.

"दोन ओळींच्या दुपाखी चाळीत, वैनी. तुमच्यासारखा माल एकपाखीत मावायचा नाय."

मी तेव्हा अंगानं चांगली भरलेली होते. हे इतके हसले की ठसका लागला. मी रागानं तुमच्या हातचा कप काढून घेतला होता, आठवतंय? आणि पाच मिनिटांनी पुन्हा भरून दिला.

असं ते घर. दोन्ही अंगांना खोल्यांच्या ओळी आणि मधनं आरपार बोळ, अगदी दुपाखी चाळीसारखा. मावळतीच्या भिंतीला, जमिनीपासनं वीतभर उंचीवर, सहा झरोके. हे त्याला व्हेंटिलेटर म्हणायचे, तुम्ही सरळ भोकं म्हणायचात. उंदीर-साप येऊ नयेत म्हणून बारीक जाळी, थंडीत लावायला लाकडी फळी. आणि आढ्याला तापलेली हवा जायला फट, वर कौलाची टोपी.

भिंती कशाच्या, तर त्याच प्लॉटातल्या मातीच्या. किल्लारीचा भूकंप होऊन दोन-तीन वर्षंच झालेली. मातीची भिंत म्हटलं की माणसं अंगावर यायची. हे तर सरळ म्हणाले, "दत्तू, तुझ्या वैनीवर भिंत पडली तर?" तुम्ही म्हणालात, "भिंतच मोडंल, दादा." आणि मग चेष्टा सोडून ह्यांना नीट बसवून समजावलंत. वरची काळी माती काढून टाकायची, ती फुगते. खालचा मुरूम घ्यायचा, चाळायचा, त्यात थोडं सिमेंट, आणि हातयंत्रात दाबून विटा पाडायच्या. भट्टी नाही, धूर नाही, लाकूड जाळणं नाही. भिंतीला तीन जागी काँक्रीटचा पट्टा, पोराला करदोटा बांधावा तसा. पहिली वीट वाळली तेव्हा ती माझ्या हातात दिलीत. "कमरेएवढ्या उंचीवरनं सोडा, वैनी." मी घाबरत सोडली. फुटली नाही. तुम्ही दुसरी दिलीत, तिसरी दिलीत. शेवटी मीच म्हटलं, "अहो पुरे, विटेची दृष्ट काढायची वेळ आली." मुरूम काढल्यावर जो खड्डा झाला, त्याची टाकी केलीत पागोळ्यांचं पाणी साठवायला. जुन्या घराची सागवानी लाकडं कुठनं तरी शोधून आणलीत, खिळे उपसून, तासून वापरलीत. न्हाणीवर काळा रंगवलेला ड्रम चढवलात, दुपारी त्यात हात घालवत नसे. मी सातवी शिकलेली बाई. पण त्या सहा महिन्यांत तुमच्या मागं पाट्या मोजत हिंडताना मला जे कळलं ते कुठल्या वर्गात कळलं नव्हतं.

गच्चीवरनं मात्र आपलं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही, हे लक्षात ठेवा. मी म्हटलं, गच्ची नाही तर कुरडया कुठं घालू? तुम्ही म्हणालात, "चार दिवसांच्या कुरडयांसाठी बारा महिने डोक्यावर तवा ठेवायचा का, वैनी?" आणि दक्षिणेला शहाबादी फरशीचा ओटा करून दिलात वाळवणाला. ओटा चांगला आहे. मी कधी नाही म्हटलं? पण ओट्यावर कुत्रं चढतं, भाऊजी. गच्चीवर चढत नाही. ह्याचं उत्तर तुम्ही शेवटपर्यंत दिलं नाहीत.

पहिला उन्हाळा आला. रस्त्यावर डांबर पाघळत होतं आणि मी मधल्या बोळात चटई टाकून दुपारची अशी झोपायचे की हे मला हलवून बघायचे. पंखा लावायची आठवण होत नसे. विजेचं बिल घेऊन येणारा माणूस म्हणाला, "काकू, तुमचं मीटर बंद आहे का?" शेजारणी भाजी निवडायला माझ्याकडं यायच्या. माझ्या घरात बसायच्या, माझ्याच वाऱ्याला पाठ देऊन बसायच्या आणि हसायच्या, "काकू, यंदा कांदे कुठं भरले? जागा तर सगळी माणसांनी अडवली." मी वरवर हसायचे. आत लागायचं.

आणि आता ते सांगते.

दुसऱ्या वर्षी थंडीत आपल्या वैशूला पुण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, बंगला, गाडी. ते लोक बघायला येणार म्हणून कळलं आणि मी घराकडं बघितलं. तुमच्या डोळ्यांनी नाही, त्या पुण्याच्या बाईच्या डोळ्यांनी. भिंतीच्या पायथ्याशी सहा भोकं. जाळीला धूळ. मला वाटलं, ती बाई घरी जाऊन म्हणेल, पोरगी चांगली आहे हो, पण राहतात कांद्याच्या चाळीत. रात्रंदिवस तेच कानात. शेवटी आडगाव नाक्यावरनं एक अनोळखी गवंडी आणला आणि सहाही झरोके आतनं-बाहेरनं विटा घालून बुजवून टाकले. वर रंग. ह्यांनी विचारलं, "दत्तूला विचारलंस का?" मी म्हटलं, "थंडी शिरते. लग्नापुरतंच तर बंद केलंय."

स्थळ जमलं. बाई चांगली निघाली, भोकं असती तरी काही बोलली नसती. लग्न झालं. पण लग्नापुरतं म्हणून बुजवलेलं मी उघडलं नाही. उघडायचं तर तुम्हालाच बोलवावं लागणार, आणि बोलवलं की सांगावं लागणार. आज सांगू, उद्या सांगू. मग मी समोर दिवाण सरकवला, धान्याची कोठी सरकवली. बाहेरनं तुळशीच्या, कोरफडीच्या कुंड्या मांडल्या.

एप्रिलात तुम्ही आलात. दिवाणावर बसलात, टोपी काढलीत, कपाळ पुसलंत. घर भट्टीसारखं तापलेलं. मी जन्मात पहिल्यांदा तुमच्यासाठी पंखा लावला.

"हवा का नाय हो, वैनी?"

"यंदा वाराच नाही," मी म्हटलं. तोंड स्वयंपाकाच्या ओट्याकडं करून म्हटलं.

तुम्ही वर पंख्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "हां. वाराच नाय यंदा." हात धुवायला मागं गेलात. तिथं जरा जास्तच वेळ लागला तुम्हाला. परत आलात, आमटी-भात खाल्लात, आणि नवल म्हणजे ताटावरनं उठला नाहीत, पोटभर जेवून गेलात.

मी म्हटलं, सुटले. काय वेडी बाई मी! बंद चाळीबाहेरनं नुसता वास घेऊन आत कुठल्या कोपऱ्यात कांदा सडलाय ते सांगणारा माणूस, त्याला माझ्या चार कुंड्यांआडचं नवं प्लास्टर दिसणार नव्हतं?

पुढच्या आठवड्यात तुम्ही द्राक्षबागेतली जुनी तार घेऊन आलात. मावळतीच्या भिंतीला तारा ताणल्यात, खाली मधुमालती लावलीत. "भिंतीवर ऊन पडाय नको, वैनी." त्यानंतरच्या वर्षी आढ्याची टोपी उचलून फट रुंद केलीत. मग पागोळी दीड हात पुढं काढलीत. दर उन्हाळ्याला काहीतरी. मला वाटायचं, तुम्हाला तुमचंच गणित चुकल्यासारखं वाटतंय आणि ते दुरुस्त करताय. एकदा धीर करून म्हटलंसुद्धा, "भाऊजी, तुमचं काही चुकलं नाही हो." तर तुम्ही म्हणालात, "थोडं चुकलं, वैनी." मी पुढं विचारलं नाही. तिथंच विचारलं असतं तर!

आणि ती मधुमालती! दरवर्षी छाटायला तुम्हीच यायचात, दुसऱ्या कुणाला कात्री लावू द्यायचा नाहीत. वेल वाढली दांडगी, पण खालच्या अंगाला कशीही. मध्ये मध्ये मोकळी, दात पडल्यासारखी. मी एकदा बोलले, "अख्ख्या तालुक्याच्या द्राक्षबागा सरळ ओळीत आणि माझीच वेल बोळकी का?"

"मुळाला हवा लागती, वैनी."

"माझ्या कुंड्या का सरकवल्या पण?"

"त्याच मुळाला."

मग ते भारनियमनाचे उन्हाळे आले. दुपारभर वीज नाही. शेजारचे तिन्ही बंगले तापायचे, बायका-पोरं कडुनिंबाखाली येऊन बसायची आणि मीही त्यांच्यातच विंझणा घेऊन बसायचे. एकदा शेजारीण म्हणाली, "काकू, तुमचं घर तर गार होतं ना हो पूर्वी?" मी म्हटलं, वाराच नाही. तोंडाला सवय झाली होती.

तुमच्या तेराव्याला दिंडोरीकडचे एक मास्तर आले होते. तुम्ही त्यांचं घर बांधलंत म्हणे. तुम्ही सात-आठ घरं बांधलीत ते मला ठाऊक होतं, पण एकाही घरी मी पाऊल टाकलं नाही. कुठल्या तोंडानं टाकणार? मास्तर सांगत होते, मे महिन्यात पंखा लागत नाही. मी न राहवून विचारलं, "झरोके ठेवलेत का खाली?"

"ठेवलेत ना. पण दिसत नाहीत. खिडकीखाली बसायला बाक केलंय, त्याच्या पोटात. मिस्त्री म्हणायचे, झरोका असा ठेवायचा की पाव्हणे आले तर घरच्या बाईला मान खाली घालायची पाळी येऊ नये. म्हणायचे, हे मला माझ्या मोठ्या वैनीनं शिकवलं."

भाऊजी, मी तिथनं उठले. स्वयंपाकघरात तुमची कुसुम एकटी बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"ताई, त्यांना वैशूच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात समजलं होतं," कुसुम म्हणाली. "घरी आले अन् म्हणाले, वैनीनं भोकं बुजवली. मी म्हणलं, मग विचारायचं ना. तर म्हणाले, पोरीच्या लग्नापायी बुजवली असत्याल, त्यात काय विचारायचं? चूक माझी हाय. मी कांद्याचा विचार केला, बाईमाणसाचा नाय केला."

आम्ही दोघी जावा मग पुष्कळ वेळ बसलो. बाहेर पंगत उठली, वाढपी हाका मारत होते, आम्ही उठलो नाही.

काय माणूस होतात तुम्ही! माझी लबाडी धरलीत आणि तिच्यातनं नवी युक्ती काढलीत. सात घरच्या बायकांना मान वर करून बसायला बाक दिलंत आणि त्यांना सांगितलंत की हे वैनीनं शिकवलं. मला मात्र कधी एका शब्दानं लाजवलं नाहीत. उलट माझ्याबरोबर तुम्हीही म्हणत राहिलात, वाराच नाय. खोटं बोलायची तुमची सवय नव्हती. माझ्यासाठी बोललात. मोठी मी होते, पण मोठेपणा तुम्ही केलात. हे तुमच्या तोंडावर म्हणायला मला किती उन्हाळे मिळाले होते! कुरडयांवरनं तासभर भांडले, पण हे एक वाक्य जमलं नाही.

काल सकाळी छिन्नी-हातोडा काढला. हे म्हणाले, "गवंड्याला बोलाव." मी म्हटलं, नाही, बुजवायला गवंडी लागला, उघडायला मी आहे. पहिल्या विटेलाच हात भरून आले. मग ह्यांनी हातोडा घेतला. ह्यांचं वय सत्तरीच्या घरात, मी छिन्नी धरतेय, हे ठोकताहेत, दोघांच्या नाकातोंडात धूळ. दिवाण सरकवला, कोठी सरकवली. दुपारपर्यंत सहाही झरोके मोकळे झाले. तुमची जाळी आत तश्शीच होती, भाऊजी, गवंड्यानं तिच्यावरच विटा लावल्या होत्या. फळीसुद्धा होती. ओल्या फडक्यानं पुसल्यावर सागाचा रंग वर आला.

मग मी बाहेर गेले, झरोक्यांपुढची वेल कापायला. कात्री घेऊन वाकले आणि कापायला काही नव्हतंच. प्रत्येक झरोक्यासमोर बरोबर तेवढी जागा मोकळी. सहाच्या सहा. वेल दोन्ही बाजूंनी चढवलेली, वर नेऊन एकत्र केलेली आणि मधली जागा दरवर्षी छाटून स्वच्छ ठेवलेली. जुन्या छाटणीच्या गाठी बोटांना लागत होत्या, एकीवर एक, जितके उन्हाळे तितक्या. कधीतरी वैनी उघडेल, तेव्हा वाऱ्याला वाट असावी म्हणून. मी तिथंच मातीत बसले. ह्यांनी आतनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, बाहेर येऊन बघा.

संध्याकाळी उदबत्ती लावली. तुमच्या फोटोपुढं नाही. तुम्ही लावायचात तशी, खाली, झरोक्याच्या तोंडाशी. आधी धूर सरळ उभा राहिला. मग तो वाकला, दिवाणाखालनं सरपटला, बोळात शिरला आणि हळूहळू वर चढत आढ्याच्या फटीतनं निघून गेला. हे म्हणाले, "दत्तूचं बरोबर होतं." मी म्हटलं, "थोडं चुकलं होतं म्हणायचे ते." पंखा बंद केला. अजून बंदच आहे.

आता माझं एवढंच ऐका. एकदा येऊन जा. संध्याकाळी पाचच्या पुढं या, आपल्याकडं वारा सुटतो तेव्हा. पुढच्या दारानं नको, मावळतीच्या अंगानं या, वाट तुम्हीच ठेवलीय. कुरडयांचं भांडण राहिलंय, ते करू. बाजरीचं पीठ दळून ठेवलंय, आणि ह्या वेळी जेवल्याशिवाय मी उठू देणार नाही. लवकर या, भाऊजी. उन्हाळा संपायच्या आत या.